दोन हंडे मतं

तुमच्या गावाला पाणी आणण्यासाठी आजवर जी कर्जं काढली गेली, ती काढण्याआधी तुम्हाला कोणी एका शब्दाने विचारलं होतं का? मला तरी कोणी विचारलं नव्हतं. पण हा प्रश्न दुधवाल्याला, पोस्टमनला आणि गॅसची टाकी आणणाऱ्याला दारात थांबवून विचारणारा एक माणूस मी पाहिला आहे. समोरचा तोंड उघडायच्या आत दोन्ही बाजूंची उत्तरं तो स्वतःच देऊन टाकायचा. हा माणूस माझा घरमालक होता.

सिल्वासात डोकमर्डीला त्याची बावीस खोल्यांची चाळ होती. कारखाने पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवत होते, माणसं त्याहून जास्त येत होती, आणि ज्याच्याकडे चार पत्रे आणि थोडी जागा होती तो घरमालक होत होता. आमचे मालक मूळ नाशिककडचे. कालव्याच्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर नकाशे ट्रेस केले होते. दुसऱ्यांनी काढलेल्या रेषेवर पातळ कागद ठेवून तीच रेषा पुन्हा काढायची, असं ते काम. निवृत्त झाल्यावर त्यांना स्वतःची रेषा काढायची हुक्की आली आणि तिचा भुर्दंड आम्हाला पडला.

चाळ त्यांना प्रस्तावकाका म्हणायची. तोंडावर नुसतं काका.

हे नाव एका पुस्तिकेमुळे पडलं. त्यांचा भाचा अमेरिकेत होता. तिथल्या एका राज्यात पाण्याच्या कामांसाठी सरकारला रोखे काढायचे असले, म्हणजे लोकांकडून कर्ज घ्यायचं असलं, तर आधी लोकांचं मत घेतात, आणि त्यासाठी घरोघर एक जाड पुस्तिका पाठवतात. तीत आधी प्रस्ताव छापलेला असतो. त्याखाली प्रस्तावाच्या बाजूचं म्हणणं, मग विरोधातलं म्हणणं, मग एकमेकांना दिलेली उत्तरं. भाच्याने ती कधीतरी सामानाच्या खाली आच्छादन म्हणून आणली होती. काकांनी ती उचलली, खाकी कागदाचं कव्हर घातलं, आणि त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बदललं.

चहा हवा का असं विचारलं तर काका म्हणायचे, "बाजूने: तरतरी येते. विरोधात: ॲसिडिटी." मग क्षणभर थांबून विरोधाला उत्तर द्यायचे, "अर्धा कप." पत्रा गळतो म्हणून कोणी तक्रार घेऊन गेलं तर काका त्याला खुर्चीवर बसवून गळण्याच्या बाजूनेही दोन मुद्दे सांगत. माणूस उठायचा तेव्हा त्याचा पत्रा तसाच असायचा, पण आपलं म्हणणं कोणीतरी नीट मांडलं असं त्याला वाटायचं. हा काकांचा फार मोठा गुण होता. पुढे मी पुष्कळ पुढारी पाहिले. त्यांच्यातही हा गुण असतो, फक्त ते एवढे प्रामाणिक नसतात.

काका दर महिन्याला दिल्लीला एक अर्ज पाठवत. मजकूर ठरलेला. आमच्या या केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा नाही. पाच वर्षांतून एकदा एक खासदार निवडायचा, एवढंच आमचं मत. तेव्हा पाण्यासाठी सरकारने कोणतंही कर्ज काढण्यापूर्वी इथल्या प्रत्येक प्रौढ माणसाचं मत घ्यावं, ही विनंती. एकदा त्यांना पोच मिळाली. "आपलं पत्र मिळालं," एवढंच तीत होतं. काकांनी ती काचेत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावली.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. धुळ्याहून आलेला, सुताच्या कारखान्यात चेकर. माझ्या खोलीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त. लाल शाईतली, निळ्या शाईतली, सायक्लोस्टाइल केलेली, काही मी स्वतः लिहिलेली. मला तो अर्ज क्रांतिकारक वाटला. एका म्हाताऱ्या घरमालकाला जे सुचतं ते आमच्या पुढाऱ्यांना सुचत नाही, म्हणून मी काकांवर एक पत्रक लिहिलं आणि फॅक्टरीच्या गेटवर वाटलं. तेव्हापासून मी काकांचा लाडका झालो. आता वाटतं, भाडं द्यायला उशीर केला असता तर मी जास्त शहाणा ठरलो असतो.

आता पाण्याकडे येतो. चाळीला पाणी म्हणजे अथालच्या रस्त्याकडचा एक हातपंप. त्याचं पाणी कधी पांढरं, कधी फिकट जांभळं. कोणत्या कारखान्यात आज कोणता रंग चालू आहे ते बायकांना पंपावरच कळायचं. मार्चअखेर तो पंप नुसता खोकायला लागे. मग नदी. जाऊन येऊन दीड तास, आणि डोक्यावर दोन हंडे.

काकांच्या बंगलीमागे मात्र विहीर होती. बारा महिने पाणी, त्यावर मोटर. त्या पाण्यावर त्यांची अकरा चिकूची झाडं पोसली जात होती. चाळीत टाकी बांधून त्या विहिरीचं पाणी नळाने आणायचं, असं काकांनी एका वर्षी ठरवलं. म्हणजे तसा प्रस्ताव ठरवला. खर्चासाठी चाळ 'पाणी विकास रोखे' काढणार, भाडेकरू ते विकत घेणार, वीस वर्षांनी व्याजासकट परत. काका तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. पण आधी मतदान. खोलीला एक मत, ज्याच्या नावावर भाड्याची पावती त्याचं. पावत्या अर्थातच बावीसच्या बावीस पुरुषांच्या नावावर होत्या. मी निवडणूक अधिकारी.

आता सुमनवहिनींची ओळख करून देतो, कारण या सगळ्यात खरं काही पणाला लागलं होतं ते त्यांचंच. त्या शिरपूरकडच्या, बोलणं अहिराणी. नवरा हिरामण डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात. वहिनी खोलीतच डबे करायच्या. सोळा डबे, एकट्या राहणाऱ्या कामगारांचे, आणि सतरावा काकांचा, कारण काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. हिरामणचा पगार खोलीत आणि गावाकडच्या घरात संपायचा. डब्यांवर वहिनींची मुलगी शिरपूरला आजीकडे राहून शिकत होती. डबे बंद पडले तर वहिनींना इथे राहण्यात अर्थ नव्हता, हे त्या स्वतः सांगत. आणि डब्यांना सकाळी निदान चार हंडे लागत.

पंप आटत आला तेव्हा वहिनी काकांकडे गेल्या. मतदानाला आठ दिवस होते. तोवर विहिरीतून रोज दोन हंडे भरू द्या, एवढंच मागणं. काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं की मतदानाआधी मतदारांना पाणी देणं म्हणजे लाच. आचारसंहिता लागू आहे. आज दोन हंडे घेऊन उद्या हिरामणने 'हो' टाकलं तर सगळं मतदान डागाळेल. वहिनींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मोटर चालू होती.

"मग चिकूस्ले कसं चालस?"

"झाडं मतदार नाहीत," काका म्हणाले. "त्यांना लाच देता येत नाही."

हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं आणि हसलो नाही. उलट मला ते बरोबर वाटलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. असा मी होतो.

मतदान कसं घ्यायचं हा मोठा प्रश्न होता. चाळीत मराठी, गुजराती, हिंदी आणि अंगठा अशा चारही लिपी होत्या. काकांनी तीन दिवस विचार करून तोडगा काढला. पाण्याचं मत पाण्यानेच द्यायचं. चादरीच्या आडोशाला दोन हंडे. तांब्याचा 'हो', स्टीलचा 'नाही'. प्रत्येकाने घरून एक तांब्या पाणी आणायचं आणि आत जाऊन हव्या त्या हंड्यात ओतायचं. मत गुप्त. मी बाहेर बसून फक्त आलेल्यांच्या नावापुढे खूण करायची. संध्याकाळी काका मापाने हंडे मोजणार. मापात मारू नये म्हणून सगळ्यांनी आणलेलं पाणी माझ्याजवळच्या एकाच तांब्याने मोजून घ्यायचं. एवढ्या कडक उन्हाळ्यात बावीस तांबे पाणी कोण कुठून आणणार, हा प्रश्न ना काकांना पडला ना मला. ते बायका आणणार होत्या, आणि बायका मतदार यादीत नव्हत्या.

मतदान गुरुवारी ठेवलं, त्या दिवशी आमच्या बाजूच्या कारखान्यांना वीजकपातीची सुट्टी असे. हिरामणच्या डाइंगला मात्र सुट्टी नव्हती, म्हणून तो पहिल्या पाळीला जायच्या आधी सहाला येऊन ओतून गेला. मग रात्रपाळीचे आले. एकाने तांब्या बराच वेळ हातात धरला, आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. मला कळलं नाही त्याने ओतलं की प्यायलं. दहा वाजेपर्यंत चौदा खुणा झाल्या होत्या.

दहाच्या सुमारास सुमनवहिनी आल्या. त्या दिवशी पंपाने त्यांना एकच हंडा दिला होता. त्यातून एक तांब्या हिरामणने नेला होता, बाकी पाणी तांदूळ धुण्यात आणि कणीक भिजवण्यात गेलं होतं. डाळ शिजायची होती. साडेअकराला डबे निघायचे. नदीवर जाऊन यायला वेळ नव्हता.

"भाऊ, हाई पानी कसाले ठेयेल शे?" त्यांनी चादर बाजूला सारून विचारलं.

मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं की हे पाणी नाही, ही मतं आहेत.

"त्यामा मन्हा हंडाना एक तांब्या शे. तो दे."

मी म्हणालो, वहिनी, तो कोणत्या हंड्यात आहे ते सांगता येत नाही. मतदान गुप्त आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दोन्ही हंड्यांकडे. "मग दोन्ही लई जास," त्या म्हणाल्या. आणि एक डोक्यावर, एक कमरेवर घेऊन निघून गेल्या.

मी अधिकारी होतो. मी अडवायला हवं होतं किंवा सरळ हंडा उचलू लागायला हवं होतं. मी यातलं काहीच केलं नाही. वहीत वेळ लिहिली.

वहिनींनी 'हो' आणि 'नाही' एकाच पातेल्यात ओतले आणि आमटी टाकली. साडेअकराला सतरा डबे निघाले. त्यातला काकांचा डबा पोचवायला त्या स्वतःच गेल्या.

दीड वाजता काका पाहणीला आले. पोट भरलेलं, चेहरा प्रसन्न. आज आमटी फार छान जमली होती, म्हणाले. मग त्यांनी चादर उचलली. हंडे नव्हते. मी झालेलं सगळं सांगितलं. काकांनी चादरीची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "किती मतं होती?"

"चौदा."

त्यांचा हात नकळत पोटावर गेला. बाजूला हे ऐकत बसलेला लोडिंगवाला भैया म्हणाला, "काका, हम तो दोनों पार्टी का वोट खा गए. नमक बराबर था."

हसू सगळ्या चाळीभर फिरलं. काका मात्र गंभीर. त्यांनी तिथेच दोन्ही बाजू मांडल्या. बाजूने: मतदारांनी आपलं कर्तव्य बजावलं होतं. विरोधात: मतमोजणीसाठी मतं उरली नव्हती. म्हणून मतदान रद्द, आणि पुस्तिकेनुसार नोटीस देऊन महिनाभराने फेरमतदान. म्हणजे अख्खा एप्रिल. तोवर आचारसंहिता कायम. चिकूंना पाणी चालू.

त्याच संध्याकाळी वहिनी पुन्हा बंगलीवर गेल्या. या वेळी पाणी मागायला नाही. मी तिथेच नोटीस लिहीत बसलो होतो. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"काका, मन्हं मत कोठे शे?"

काकांनी यादी काढली. पावती हिरामणच्या नावावर, मत हिरामणचं. वहिनी म्हणाल्या, "भाडं त्याना नाववर, पानी मन्हा डोकावर. मग पानीनं मत त्यानं कसं?"

काकांनी वही पुढे ओढली.  त्यांनी वहिनींचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, वर ठळक अक्षरात 'बाजूने' असं लिहिलं, आणि मला म्हणाले की हा मुद्दा पुस्तिकेतल्या कोणत्याही मुद्द्यापेक्षा चांगला आहे. मला वाटलं, म्हातारा वाकला. पण काका कोणासाठी कधी वाकले नाहीत, पुस्तिकेसाठी वाकले. पाण्याच्या प्रस्तावावर बायकांनी मत द्यावं की नाही, हा त्यांनी प्रस्ताव क्रमांक दोन केला. आणि त्यावर मतदान ठेवलं. मतदार तेच बावीस.

या वेळी मतं चिंचोक्यांनी. पाण्यावरचा काकांचा विश्वास उडाला होता.

आदल्या दिवशी वहिनी डबा द्यायला माझ्या खोलीवर आल्या. माझी पत्रकं भिंतीला टेकून रचलेली होती. सगळ्यात वरच्यावर मूठ आवळलेला हात होता. तू कोठे टाकशी, असं त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं की निवडणूक अधिकाऱ्याने तटस्थ राहायचं असतं, त्यामुळे मी माझं मत सोडून दिलं आहे. त्यांनी डबा ठेवला.

"हाई तुनाकडे इतलं कागद शे," त्या म्हणाल्या, "त्यामा कोठेच नही का लिखेल?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी लांबलचक असणार.

मतमोजणी झाली. दहा 'हो', दहा 'नाही'. हिरामणला त्या दिवशी सलग दुसऱ्या पाळीला थांबवून घेतलं होतं, तो पोचलाच नाही. बाविसावं मत माझं. चिंचोका माझ्या खिशात होता. काकांनी पुस्तिका उघडली, चष्मा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: समसमान मतं पडल्यास प्रस्ताव नामंजूर. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अधिकाऱ्यांना काही हरकत?" सगळी चाळ बघत होती. मी हरकत नाही म्हणालो. काकांनी माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल दोन शब्द सांगितले, टाळ्याही झाल्या.

वहिनींनी आणखी पंधरा दिवस नदीवरून पाणी आणलं. सोळा डब्यांचे दहा झाले, दहाचे सहा. मग मान धरली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पातेली बांधली. मुलीची शाळा कायमची सुटली, हे मला हिरामणने पुढे सांगितलं, आणि ते सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला पगारासाठी राहावंच लागलं. तो गेटवरच्या गाडीवर जेवू लागला.

निघायच्या सकाळी काका फाटकापर्यंत आले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांच्या हातात वही होती.

"तुमचा विरोध मी नोंदवून घेतो, सुमनबाई. पुढच्या पुस्तिकेत छापू."

वहिनी टेम्पोत चढल्या, पातेली नीट लावली, आणि मग म्हणाल्या, "नोंदी ल्या, काका. पुढला जलमले मी तुमना चिकू व्हसू."

काका हसले. त्यांना तो विनोद वाटला. दुपारी त्यांनी ब्रेड आणि केळी आणायला माणूस पाठवला. पुढे बरेच दिवस त्यांचा तोच आहार होता. बाजूने: पचायला हलका. विरोधात काय, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

फेरमतदान लांबत लांबत जुलैत झालं. पंप पुन्हा धो धो वाहत होता, आणि कोणाचंच काही अडत नसल्यामुळे टाकीचा प्रस्ताव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. काकांनी वापीच्या प्रेसमधून रोखे छापून आणले. कडेने वेलबुट्टी, मधे नळ. तीन विकले गेले, त्यातला एक मी शरमेने घेतला. टाकी झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात खानवेलहून आलेलं एक जोडपं वहिनींच्या खोलीत राहायला आलं आणि ती नवी बाई पहाटे दोन हंडे घेऊन नदीकडे जाऊ लागली. तिला कोणी काही विचारलं नाही.

काका पुढे काही वर्षांनी गेले. लोक अजून त्यांची थट्टा करतात, मीही इथे पोटभर केली. पण दिल्लीला ते दर महिन्याला जे लिहीत होते त्यात खोट नव्हती. लोकांच्या नावावर कर्ज काढून लोकांना पाणी द्यायचं असेल तर लोकांना विचारायलाच हवं. काकांनी तर विचारलंही. त्यांच्या हयातीत तसं करणारा आमच्या भागात दुसरा कोणी नव्हता. त्यांचं चुकलं ते यादी करताना, आणि ती यादी स्वच्छ अक्षरात लिहून देणारा मी होतो.

म्हणून एक विनंती करतो, आणि ती वाचून पान उलटू नका. तुमच्या चाळीत, सोसायटीत, ग्रामपंचायतीत पाण्याची पुढची सभा होईल तेव्हा आत शिरल्यावर आधी खोलीभर नजर फिरवा. तुमच्या घरात पाणी कोण भरतं? शेजारी कोण भरतं? धुणीभांडी करायला येते तिच्याकडे कोण भरतं? त्या बाया तिथे नसतील तर सभेचं काम सुरू होऊ देऊ नका. उठा, त्यांना बोलावून आणा, आणि त्या येऊन बसेपर्यंत कोणत्याही ठरावाला हात वर करू नका.